सून भांडेना

माझ्या सुनेनं भांडायचं सोडलंय. आता ही तक्रार मी कोणाकडे न्यायची? शेजारीण म्हणते, "नशीबवान आहात." मुलगा म्हणतो, "आई, घरात कधी नव्हे ती शांतता आहे, झोपू दे मला."

शांतता कसली डोंबलाची! लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं मला तोंडावर सांगितलं होतं, "आई, ही कपड्यांची घडी नाही, बोचकं आहे." मी दोन दिवस गाल फुगवून बसले, पण आतून खूश. म्हटलं, बरोबरीची मिळाली! तेव्हापासून आमचं भांडण म्हणजे अख्ख्या गल्लीची करमणूक. ती एक म्हणायची, मी दोन, आणि घसे सुकले की दोघी मिळून चहा प्यायचो.

पूर्वी ती वॉशिंग मशीनच्या कंपनीत सुट्या भागांच्या गोदामात होती. तिथून तिला तक्रारींच्या फोनवर बसवलं आणि बाई बिघडली. मी काहीही म्हटलं की मान तिरकी करून गोड हसते, "तुमची अडचण मी समजू शकते." परवा तिच्या हाताला इस्त्रीचा चटका बसला. बोट लालभडक झालं. आणि ही हसत हसत इस्त्रीलाच म्हणाली, "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

मी ठरवलंच, हिला भांडायला लावायचं. भाजीत मीठ नाही म्हणाले. मीठ व्यवस्थित होतं. ती म्हणाली, "नोंद घेतली आहे." मग मी ठेवणीतलं काढलं. "तुझ्या आईनं तुला धड झाडू मारायलाही शिकवलं नाही." एरवी या वाक्यावर भिंती हादरल्या असत्या. ती फक्त हसली. आज सकाळी तर मी तिचा डबाच कपाटात लपवला. म्हटलं, शोधेल, चिडेल, बोलेल. तर ती काही न विचारता उपाशीच निघून गेली!

मग काय, डबा घेऊन मलाच निघावं लागलं.

कंपनीच्या दारावरच्या रखवालदारानं अडवलं. "मावशी, काय काम आहे?"

"तक्रार आहे."

"ती फोनवर करायची."

"माणसं आत बसलेली असताना फोन कशाला?" म्हणत मी आत शिरलेसुद्धा.

लांबलचक खोली, खिडकी एकही नाही. रांगेनं माणसं बसलेली, कानांवर हेडफोन, आणि प्रत्येकासमोर तळहाताएवढा आरसा. मला वाटलं, काय हा नट्टापट्टा! तेवढ्यात त्यांचा साहेब दिसला. रांगांच्या मागून फिरत होता आणि आपल्याच तोंडाच्या कोपऱ्यांना बोटं लावून कोणाकोणाला खुणावत होता.

"हे काय चाललंय गं?" मी जवळच्या चष्मेवाल्या पोरीला विचारलं.

"आवाजात हसू ऐकू यावं म्हणून आरसा असतो," ती कुजबुजली. "हसू गेलं की साहेब खूण करतात. आणि समोरच्यानं कितीही शिव्या दिल्या तरी आपण फोन ठेवायचा नाही."

आमची सून शेवटच्या रांगेत होती. तिच्या हेडफोनमधून एका पुरुषाचं ओरडणं बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. काय ते शब्द! मी तोंडाची काही कमी नाही, पण असं माझ्याही जिभेवर कधी आलं नाही. आणि ती आरशात बघून हसत होती. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ओठ हसत होते. साहेबानं खूण केली, अजून थोडं.

फोन संपला. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. "थांबल्याबद्दल धन्यवाद. मी आपली काय मदत करू शकते?"

मला ओळखलंच नाही तिनं!

"अगं, मी आहे, मी! हा घे डबा. मीच लपवला होता."

ती बघत राहिली. हळूहळू ते हसू उतरलं.

"तुम्ही लपवला? मुद्दाम?" ती उठली, खुर्ची मागे आपटली. "आणि माझ्या आईला काय म्हणालात? गुडघे धरून घर झाडते माझी आई! दिवसभर लोक इथे माझी आई काढतात, घरी गेले की तुम्ही काढता! मी जाऊ कुठे? सांगा ना, कुठे जाऊ?"

आवाज छताला भिडला! सगळ्या रांगा वळून बघायला लागल्या. साहेब धावत आला. "मॅडम, फोन चालू आहेत!"

"तू थांब रे बाबा," मी म्हटलं. "ती माझ्याशी बोलतेय. किती दिवसांनी बोलतेय!"

मला नाचावंसं वाटत होतं. पण ती मटकन खाली बसली. श्वास पुरेना. "आई, रोज सकाळी वाटतं, वाटेत बसचा अपघात व्हावा. म्हणजे इथे आत यावं लागणार नाही."

माझा आनंद जागच्या जागी विरला.

चष्मेवाली म्हणाली, "वरच्या मजल्यावर मनाच्या डॉक्टर बसतात. कंपनीनंच ठेवल्यात. पण कोणी जात नाही. जाणाऱ्याला इथे सगळे मनाचा कच्चा म्हणतात."

"मी नाही जायची," सून म्हणाली. "वेडी ठरवतील मला."

"ठरवू देत! दाताला डॉक्टर चालतो, गुडघ्याला चालतो, मग मनाला काय सुतार बोलवायचा? ऊठ."

दंडाला धरून नेली वर. ती आत गेली, मी बाहेर बाकावर. आधी नुसतं रडणं ऐकू आलं, मग बोलणं, मग बराच वेळ बोलणंच. शेवटी डॉक्टर बाहेर आल्या. म्हणाल्या, हा आजार आहे, बरा होतो. आता आधी रजा, नियमित उपचार, आणि फोनवर पुन्हा बसवायचं नाही, तसं त्या लिहून देतील. "आणि घरी तिला हसरी राहा म्हणून सांगू नका."

"मी तर तिला भांडायला लावत होते."

डॉक्टरांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "भांडा. पण तिच्या आईवर जायचं नाही."

"बरं," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

जिन्याखाली साहेब उभाच होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सून पुढे झाली. "साहेब, मी आजारी आहे. आता मी फोनवर बसणार नाही. मला गोदामात परत घ्या." हसली नाही, दिलगिरी नाही. आवाज कापत होता, पण वाक्य पुरं केलं तिनं. साहेब "बघतो, बघतो" म्हणत बाजूला सरकला.

रस्त्यावर आल्यावर तिनं माझा पदर धरला. "आई, सगळ्यांसमोर ओरडले तुमच्यावर. रागावलात?"

"रागावलेच आहे!" मी भर रस्त्यात थांबून म्हटलं. "घरात माझ्यासारखी तोंडाळ बाई असताना इतके दिवस एकटीनं सोसत बसलीस? बिनडोक आहेस तू, पार बिनडोक!"