आठ घोड्यांचा सूड

मित्रांनो, या अंगणाच्या कडेला रस्त्याकडे तोंड करून जे लोखंडी धूड उभं आहे आणि ज्याच्यावर चढून तुम्ही रोज उड्या मारता, ते धूड म्हणजे मी. मी एक जुना पॉवर टिलर आहे, आठ घोड्यांच्या ताकदीचा. माझ्या पट्ट्यावरचं झाकण कधीच निखळलं आहे आणि तिथे सध्या एक तांबडी कोंबडी अंडी घालते. म्हातारी यंत्रं गोड बोलतात, सगळ्यांना माफ करून टाकतात, असं तुम्ही शाळेत वाचलं असेल. मी तसा नाही. मी अजून कोणालाही माफ केलेलं नाही, आणि का नाही ते आज सांगणार आहे.

माझा जन्म दक्षिणेकडच्या एका कारखान्यात झाला. मालगाडीने नागपूरच्या अजनीला उतरलो आणि १९७४ च्या उन्हाळ्यात कॉटन मार्केटजवळ ताराचंदच्या दुकानात येऊन उभा राहिलो. माझ्या शेजारी बारा घोड्यांचा टिलर होता. तो अंगाने माझ्या दीडपट होता आणि त्याचा लाल रंग दुकानाबाहेरूनच डोळ्यांत भरायचा. गिऱ्हाईक आलं की त्याच्याच पाठीवरून हात फिरवायचं. लोकांचं गणित सोपं होतं: दोन बैलांची एक जोडी, तर बारा घोडे म्हणजे सहा जोड्या. माझ्या चारच भरायच्या. ताराचंद तर माझ्या डोक्यावर चहाचा कप ठेवायचा. त्या कपाचे गोल डाग मला अजून आठवतात.

एके दिवशी जयवंताबाई आल्या. सोबत त्यांचे थोरले भाऊ रामाजी होते. बाईंचं वय असेल तिशीच्या पुढे, गळा मोकळा. गळ्यातली सोन्याची एकदाणी मोडून त्या सरळ दुकानात आल्या होत्या.

त्यामागची गोष्ट मला पुढे त्यांच्याच तोंडून कळली. कामाच्या वेळी त्या माझ्याशी बोलायच्या. रामटेकच्या अलीकडे, जिथून गडावरचं देऊळ अंगठ्याएवढं दिसतं, तिथे तलावाखाली त्यांची धानाची बांधी होती. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घातलेलं, पाणी धरून ठेवणारं शेत. शेजारची बांधी त्यांच्या थोरल्या दिराची, चंपतरावांची. आमच्याकडे थोरल्या दिराला भासरा म्हणतात. भासऱ्यापुढे धाकट्या भावाच्या बायकोने तोंड उघडायचं नाही, पदर हनुवटीपर्यंत ओढून घ्यायचा आणि जे सांगायचं ते तिसऱ्याकरवी सांगायचं, अशी रीत.

जयवंताबाईंचे मालक केशवराव आदल्या साली तापाने गेले. बैलजोड्या दोन्ही भावांच्या सामाईक होत्या, पण गोठा चंपतरावांचा. रोवणीच्या आधी बांधीत चिखल करायला बैल हवे होते. बाईंनी जाऊबाईंकडून, म्हणजे चंपतरावांच्या पंचफुलाबाईंकडून निरोप धाडला. उत्तर आलं, "उद्या." दुसऱ्या दिवशीही उद्या. असे सात दिवस बाई धुऱ्यावर उभ्या राहून शेजारच्या बांधीतल्या बैलांच्या घंट्या ऐकत राहिल्या. तेवढ्यात त्यांच्या पऱ्ह्यांचं वय निघून गेलं. पऱ्हे म्हणजे रोवायची कोवळी रोपं. वेळेत रोवली नाहीत तर धरतच नाहीत. त्या साली बाईंच्या घरी तणीस, म्हणजे नुसता पेंढा आला, धान आलं नाही.

भासऱ्याला काय हवं होतं, ते सगळ्या गावाला माहीत होतं. बाईंनी बांधी त्यांना बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर कसायला द्यावी आणि माहेरी जाऊन बसावं. बाईंनी मनाशी एकच ठरवलं. बांधी सोडायची नाही, आणि या माणसाला एकदा आपल्या धुऱ्यावर असंच उभं करायचं.

तर दुकानात ताराचंद म्हणाला, "पहिलीच मशीन घेऊन राहिल्या ना बाई? मग बाराचीच घ्या. लहान घेतली का दोन सालात पस्तावा होते."

रामाजींनाही ते पटलं. "बाराच घेऊ वं जयवंता. गावात मान राहीन."

बाईंनी दोघांकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी आधी बाराला हात लावून पाहिला, मग मला. "वजन किती हाये याचं?"

ताराचंद हसला. "वजन काहून पाहिजे बाई? डोक्यावर उचलून न्यायचं हाये का?" दुकानातली माणसंही हसली.

"गुडघ्याच्या वर गाळ हाये आमच्याकडे," बाई म्हणाल्या. "त्यात फसली, तर काढाले किती माणसं लागतीन?"

आता ताराचंदला उत्तर देणं भाग पडलं. "बाराच्यासाठी आठ-दहा तरी पाहिजेत. आठाच्यासाठी चार."

"माह्याजवळ चार बाया हायेत. आठच द्या."

मित्रांनो, तिच्यायला, असं मोल माझं कोणी केलं नव्हतं! बाराकडे मी कसं पाहिलं ते तुम्हांला सांगत नाही. आम्ही निघताना ताराचंदने कप उचलून घेतला, एवढं सांगतो.

गावात आलो तेव्हा मला पाहायला सगळं गाव लोटलं. चंपतराव छत्री घेऊन आले, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि मोठ्याने म्हणाले, "हे मशीन होय का बकरी होय?" तेव्हापासून माझं नाव बकरी पडलं. त्यांच्या तोंडून ते ऐकताना माझं लोखंड तापायचं.

बाईंनी मला चालवायचं शिकून घेतलं. लुगड्याचा काष्टा आवळून त्या हँडल फिरवायच्या आणि पिंजऱ्यासारखी लोखंडी चाकं लावून मला गाळात उतरवायच्या. दोनदा फसलो. दोन्ही वेळा कौसल्या, गोपिका आणि आणखी दोघी बायांनी मला हसत हसत वर काढलं. माझ्या डोक्यावर पाण्याची टाकी होती आणि टाकीत तरंगणारी एक काडी, तिच्या टोकाला लाल गोळी. पाणी आटलं की गोळी खाली जाते. बाईंची नजर कायम त्या गोळीवर. ती बोटभर उतरली की लगेच मला थांबवायच्या, पदर टाकीच्या तोंडावर धरायच्या आणि त्यातून गाळून तांब्याने पाणी घालायच्या, म्हणजे माझ्या पोटात गाळ जायला नको. लेकराला कोणी इतकं जपत नाही. तीन दिवसांत सगळी बांधी तयार झाली आणि पऱ्हे कोवळे असतानाच रोवणी आटोपली.

हे चंपतरावांना कसं सोसणार? त्यांनी दोन्ही बैलजोड्या बाजारात विकल्या, नागपूर गाठलं आणि बारालाच घेऊन आले. त्याच्या गळ्यात हार, कपाळावर गुलाल. चंपतराव मिशीवर हात फिरवत होते. वजन त्यांनी विचारलं नव्हतं. विचारणार कसं? त्या गाळात बाईंचे पाय बारा वर्षं रुतत होते. चंपतरावांचे पाय धुऱ्यावरून खाली कधी उतरलेच नव्हते.

वरच्या कोरड्या तुकड्यात बारा रुबाबात चालला. तलावाखालच्या बांधीत उतरला आणि वीस पावलांत पोटापर्यंत गेला. माणसं लावून काढला, पुन्हा उतरवला, पुन्हा गेला. गावातले बाकी बैल ज्याच्या त्याच्या चिखलणीत गुंतलेले. चंपतरावांचे पऱ्हे हातभर वाढले होते. मी आमच्या धुऱ्यावर उभा राहून हे सगळं पाहत होतो आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी चंपतराव आमच्या धुऱ्यावर आले. बाईंनी पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि पाठ फिरवली. तिसरं कोणी जवळ नव्हतं. मी होतो. चंपतराव खाकरले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुह्या मालकिणीले सांग गा. बारा फसला. पऱ्हे जून होऊन राहिले. एक दिवस आमच्या बांधीत ये म्हणा."

बाई फडक्याने माझं हँडल पुसत होत्या. त्यांनीही मलाच सांगितलं. "त्याईले सांगजो गा, उद्या."

मला काही सांगावं लागलं नाही. तो एकच शब्द त्यांच्या तोंडावर असा बसला की छत्री कलली. ते परत गेले. दुसऱ्या दिवशी आले, उद्या. तिसऱ्या दिवशीही उद्या. असे सहा दिवस ते धुऱ्यावर आले आणि सहा दिवस माझ्यामार्फत त्यांना त्यांचाच शब्द परत मिळाला.

सातव्या दिवशी सकाळी बाईंनी मला स्वतःहून चंपतरावांच्या बांधीवर नेलं. त्यांचा चेहरा उजळला. पंचफुलाबाईंनी तर माझ्या चाकाला हळद-कुंकू लावलं. बाईंनी मला धुऱ्यावर उभं केलं, हँडल मारलं, मी सुरू झालो. आणि बाई पदर ओढून तशाच बाजूला उभ्या राहिल्या. मला खाली उतरवलंच नाही.

बराच वेळ गेला तेव्हा चंपतराव मला म्हणाले, "विचार गा तिले, उतरत काहून नाही?"

"त्याईले सांगजो," बाई म्हणाल्या, "आवाज आयकून घ्या म्हणा. मागच्या साली मी सात दिवस घंट्या आयकल्या."

ऊन चढलं. माझी फटफट साऱ्या शिवारात घुमत होती. पंचफुलाबाई येऊन बाईंच्या पायांशी बसल्या. "जयवंता, पुरे कर वं. तो निरोप मीच आणत होती, मलेच माफ कर. यंदा आमच्या घरात दाणा येणार नाही वं." त्या रडत होत्या. बाई हलल्या नाहीत.

मीही हललो नाही, मित्रांनो. मला बकरी आठवत होती, चहाचा कप आठवत होता. गाळात तिरपा पडलेला बारा समोर दिसत होता. माझा आवाज त्याच्यापर्यंत जावा म्हणून मी आणखी जोराने बोंबलत होतो. इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. त्या आनंदात माझ्या टाकीतलं पाणी आटत चाललं होतं. लाल गोळी बोटभर खाली गेली, मग दोन बोटं, मग दिसेनाशी झाली.

बाईंना ती दिसली नाही. भासरा समोर होता ना! पदर हनुवटीपर्यंत होता. ज्या पदराने त्या मला पाणी गाळून घालायच्या, तोच त्यांच्या डोळ्यांवर होता. त्या पदराच्या जाळीतून त्या फक्त एकाच माणसाचं तोंड पाहत होत्या.

माझ्या छातीत काहीतरी कर्रकन आवळलं आणि मी बंद पडलो. शिवार एकदम मुकं झालं. बाईंनी धावत येऊन टाकीला हात लावला. तळहात भाजला, तरी त्या हात काढीनात.

नागपूरच्या मिस्त्रीने मला उघडलं आणि मान हलवली. आतला पिस्टन जाम झाला होता, अंगाला चीर गेली होती. ताराचंदही म्हणाला, हा भाग सुटा मिळत नाही, अख्खं इंजिनच नवं घ्यावं लागेल. "दुपारून उतरवणारच होती मी त्याले," बाई रामाजींना सांगत होत्या. खरं असेल, खोटं असेल. मी त्यांच्या इतका जवळ होतो, तरी मला ते कळलेलं नाही.

त्या साली चंपतरावांची बांधी पडीत राहिली. बारा कोणाला तरी बुटीबोरीकडच्या कोरड्या रानासाठी विकला गेला. चंपतरावांनी पुन्हा बैल घेतले. पुढचा आषाढ आला. मी बंद पडलेला होतो आणि मोडायला बाईंच्या गळ्यात काही नव्हतं. पंचफुलाबाई निरोप घेऊन गेल्या आणि परत आल्या, तेव्हा त्यांनी तोंड उघडायच्या आधीच आम्हां दोघांनाही उत्तर कळलं. आठव्या दिवशी जिच्यासाठी एवढं सगळं झालं ती बांधी चंपतरावांच्या बटईत गेली.

त्याला आता दहा वर्षं होत आली. भंगारवाले कितीदा मागून गेले, बाई मला विकत नाहीत. मी आधी समजलो, माझ्यावर जीव आहे म्हणून. मग लक्षात आलं की त्या दर सणाला मला फक्त एकाच बाजूने पुसतात आणि तेल लावतात. रस्त्याकडच्या बाजूने. तिकडून चंपतराव रोज बांधीवर जातात आणि मला पाहून मान खाली घालतात. घराकडची बाजू गंजून गेली, तिकडे बाई बघतही नाहीत.

तर मित्रांनो, उद्या मोठे होऊन पहिलं यंत्र घ्यायला जाल, तेव्हा त्यात किती घोडे आहेत एवढंच विचारू नका. आपला गाळ किती खोल आहे तेही सांगा. आणि त्याला कोणाच्या नाकावर टिच्चून उभं करू नका, कारण तसं उभं केलं की तुमची नजर त्या माणसाच्या तोंडावर राहते आणि लाल गोळीकडे कोणी पाहत नाही.

माझं एक मागणं आहे. खेळून झालं की माझ्या टाकीत एक तांब्या पाणी घाला. मी आता चालणार नाही, हे मला माहीत आहे. पण घालाल तेव्हा पदरातून गाळून घाला.