शेवंतीच्या मागं कोण आहे?

मी कॅमेरा बोलतोय. हसू नका, पण मी जन्माचा भित्रा आहे. नको ते समोर आलं की तुम्ही मान फिरवता. मला ती सोय नाही. कळ दाबली की डोळा उघडायचा आणि समोर असेल ते गिळायचं. परत ओकताही येत नाही हो!

सांगलीच्या एका दुकानात काचेमागं बसलो होतो. मानसिंग नावाचा फौजी नव्या बायकोला, अंजनाला, माहेराहून घेऊन निघाला होता. त्याने मला घेतलं आणि आम्ही तिघं कोरेगावजवळच्या त्याच्या गावी आलो. एकाहत्तर साली रजा अर्धीच झाली असताना त्याला बोलावणं आलं. निघताना मला अंजनाच्या हातात देत तो म्हणाला, "डब्यातली शेवंती फुलली की फोटू काढून धाड. तिकडं नुसती वाळू हाय."

डालड्याच्या डब्यात लावलेली ती शेवंती. फुलली मात्र, अंजनाने हौसेने रोल संपवला. साताऱ्याच्या स्टुडिओवाल्या नाथाजीने फोटो धुऊन तिच्यापुढं ठेवले आणि कपाळाला हात लावला.

"आवं वैनी, ह्यात फूल कुठं हाय? म्हस तेवढी झ्याक आलीया."

माणूस भला. जवळ जावा म्हणाला, फूल मधोमध बसवू नगा, एका अंगाला घ्या, वाऱ्यात हालत असंल तर आडोशाला आणा. जवळचं दिसावं म्हणून माझ्या डोळ्यावर एक छोटी काचही बसवून दिली. एक गोष्ट सांगायची तेवढी राहिली. माझी बघायची खिडकी एका बाजूला आणि डोळा दुसऱ्या. लांबचं असलं तर खपून जातं. जवळ गेलं की खिडकीला एक दिसतं, डोळ्याला दुसरंच.

डिसेंबरात लढाई पेटली. चावडीवरचा रेडिओ दिवसभर ओरडत होता आणि मानसिंगचं कार्ड काही येत नव्हतं. तरी अंजनाने त्याची हौस पुरी करायचं ठरवलं. वारा लागू नये म्हणून डबा ओसरीवर भिंतीपाशी आणला. खिडकीतून तिला फूल आणि कोरी भिंत दिसली.

मला दिसला भिंतीवरचा मानसिंगचा वर्दीतला फोटो. आणि शेवंतीची फुलांनी लगडलेली फांदी बरोबर त्याच्या गळ्याभोवती! मी आतल्या आत ओरडलो, थांब गं बाई, थांब. मला कुठलं तोंड? तिने कळ दाबली.

फोटो घरी आला आणि सासूने, राहीबाईने, हातात घेतला. मागचा चेहरा अंधूक होता, पण आईला काय, टोपीवरूनही ओळखू येतो.

"अगं बया! जित्या माणसाला हार घातलास व्हय गं?"

तिने माझा पट्टा धरला आणि तडक विहिरीवर नेऊन मला पाण्यावर लोंबकळत धरलं. माझी तर पाचावर धारण बसली. अंजना मागून पळत आली आणि तिने सासूचा हात गच्च धरला.

"आवं आत्याबाई, मला दिसलंच न्हाई वो!"

राहीबाईने मला वर ओढून काठावर ठेवलं. म्हणाली, "मग घातलास तसा काढ त्यो हार. शेवंती तीच, भिंत तीच. माझ्या लेकराचं तोंड मोकळं दिसाय पायजे. न्हाई दिसलं तर ह्ये धूड घरात न्हाई ऱ्हायचं."

उखळावर पाट, पाटावर मी. आता अंजनाचा खिडकीवर भरवसा नव्हता. ती खिडकीतून बघायची, मग पुढं येऊन माझ्या डोळ्याशी डोकं टेकवून मला काय दिसतं ते बघायची, डबा जरा सरकवायची, पुन्हा मागं जायची. मागचा चेहरा अंधूक येऊ नये म्हणून नाथाजीची काचही तिने काढून ठेवली. ओसरीवर उजेड कमी, म्हणून डोळा जास्त वेळ उघडा ठेवायला कळ दाबून धरावी लागणार होती. डोळा उघडला आणि नेमकी वाऱ्याची झुळूक आली. फांदी मानसिंगच्या गालाकडं सरकू लागली. गेलं सगळं, म्हटलं मी. तेवढ्यात राहीबाईचा हात मध्ये आला आणि त्याने फांदी बाजूला धरली.

रोलसकट मला पिशवीत घालून राहीबाई स्वतः एसटीने साताऱ्याला आली. फोटो धुऊन नाथाजी हळहळला. "साधला हुता वो, पर ह्यो हात आला मधी."

"तोंड मोकळं हाय न्हवं?"

"हाय की. लख्ख हाय."

राहीबाई दुकानाच्या पायरीवरच बसली आणि पदर तोंडाला लावून रडली.

लढाई थांबली तरी कार्ड आलं नाही. कुणी दार वाजवलं की घर दचकायचं, कोनाड्यात मीही दचकायचो. होळीच्या आधी मानसिंग स्वतःच दारात उभा राहिला. चहा पिताना त्याने तो फोटो उचलला.

"आये, ह्यो हात तुझा? लय हाललाय की गं."

"थंडी हुती," म्हणून राहीबाई भाकरी थापायला उठली.

आता सत्तरचं दशक संपत आलंय. माझ्या डोळ्यात बुरशी धरलीय, रोलही मुश्किलीने मिळतो. तरी मानसिंगची रजा संपली की मला ट्रंकेतून काढतात. तो निघायच्या आधी एक फोटो, तोंड मोकळं. परवाही तो अंगणात उभा राहिला. फुलांचे फोटो काढणाऱ्यांनो, माझं एवढं ऐका, मागं काय आहे ते आधी बघा, आमच्यासारख्यांच्या भरवशावर राहू नका. अंजना परवा नेहमीसारखी पुढं आली आणि माझ्या डोळ्याशी वाकली. तिचा चेहरा मला इतका जवळून दिसला. ती माझ्याहून जास्त भ्यालेली होती.