थंड खोलीची उघडी भिंत

मित्रांनो, मी एक जुना थर्माकोल आहे. तुम्हाला मी दिसत नसेन, तर ते तुमच्या भल्याचंच आहे. चोपड्याला रतिलालभाऊंची केळी पिकवायची थंड खोली आहे. तिच्या भिंतीत, सिमेंटच्या मागे, दाराशेजारी मी उभा असतो. बाकीच्या जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला अडगळीत टाकू नका, आमच्याकडे बघा. माझं मागणं उलटं आहे.

जळगावच्या एका कारखान्यात वाफेवर फुगून माझा जन्म झाला. अंगाने हलका, आणि अक्कलही तेवढीच. टेम्पोतून चोपड्याला येताना धरणगावजवळ वारा सुटला आणि आमच्यातली निम्मी भावंडं उडून शेतात पडली. रतिलालभाऊ धोतर सावरत आमच्यामागे पळाले. या माणसाचा आपल्यावर फार जीव आहे, असं मला तेव्हा वाटलं.

ही नव्वद सालची गोष्ट. भाऊंनी आम्हाला चारी भिंतींना आणि छताला डांबराने चिकटवलं. बाहेर वैशाखाचं ऊन आणि आत गारवा. गाव हात लावून बघायला यायचं आणि जाताना नखाने मला कोरून जायचं.

मग अग्निशमन दलातले हारुनसाहेब आले. भाऊंचे शाळेपासूनचे दोस्त. त्यांनी माझ्या एका भावाचा टवका तोडला, अंगणात नेला आणि काडी लावली. तो भसकन पेटला, काळा धूर सोडत टपटप गळाला. आपण असे आहोत हे मलाही तेव्हाच कळलं.

"यावर जाळी मारा आणि दोन बोटं सिमेंट लावा," साहेब म्हणाले. "तोवर आत दिवा नको, बिडी नको. आणि दार आतून उघडेल अशी कडी बसवा."

"करतो ना. अखजी होऊन जाऊ द्या, खोलीच्या पूजेचा मुहूर्त निघालाय."

"आगीला मुहूर्त लागत नाही, भाऊ."

"तुम्ही फक्त जेवायला या."

पाहुण्यांसमोर उघडी भिंत बरी दिसेना, म्हणून भाऊंनी मंडपवाल्याकडून जरीची झालर आणून आमच्यावर टांगली. चूल पेटवायला कागद लागतो, तसा तो त्यांनी स्वतःच्या हाताने आणून दिला.

अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खोलीत पूजा झाली. अगरबत्तीचं घर सापडेना, तर भाऊंनी काड्या सरळ समोरच्या भिंतीवरच्या माझ्या भावात खोचल्या. "बघा, किती छान बसतात." सगळे हसले आणि पंगतीला गेले.

एकजण मात्र गेलं नाही. भाऊंची मोठी बहीण, धुरपदाअक्का, अखजीला माहेरी आली होती. उन्हाने तिचा जीव घाबरा झालेला. ती हळूच आत शिरली, केळीच्या घडांच्या राशीमागे गोणपाटावर आडवी झाली आणि पदर तोंडावर घेऊन झोपली. पाठोपाठ भाऊ आले. "थंडी वाया चालली," म्हणत त्यांनी बाहेरून कडी घातली. आत कुणी आहे का, ते त्यांनी बघितलं नाही. मी बघितलं होतं. पण मला तोंड कुठे?

एक अगरबत्ती जळत जळत भावाच्या अंगापर्यंत आली. अंग विरघळलं, भोक मोठं झालं आणि जळती काडी खाली अंथरलेल्या केळीच्या वाळक्या पानांवर पडली. पान आधी नुसतं लाल झालं. मग झालरीने पेट घेतला. मग माझे भाऊ, एकाला लागून दुसरा. छत गळायला लागलं.

अक्का खोकत उठली. दारावर बुक्क्या मारायला लागली. "रत्या, दार उघाड. बठ्ठा धूर शे."

मित्रांनो, मी थंडी अडवतो याचं सगळ्यांना कौतुक होतं. मी आवाजही अडवतो. बाहेर लाउडस्पीकर चालू होता, आणि भाऊ पंगतीत आमरसाचा आग्रह करत होते.

हारुनसाहेब उशिरा आले. "पान नंतर वाढा. आधी भिंत दाखवा." दाराखालून काळी रेघ बाहेर येत होती. त्यांनी धावत येऊन कडी काढली.

"दार लावा, साहेब, थंडी जाते," भाऊ मागून म्हणाले.

"आत कोण आहे?"

"कोण असणार? केळी."

तेवढ्यात केळी खोकली.

साहेब पोटावर सरपटत आत गेले आणि अक्काला हाताला धरून ओढत बाहेर आले. तिचे केस होरपळले होते, बांगड्या काळ्या पडल्या होत्या. माणसांनी मंडपातले पाण्याचे पिंप आणून ओतले. घाईत कुणीतरी आमरसाचं पातेलंही माझ्यावर उपडं केलं. तीन भिंती आणि छत गेलं. दाराची भिंत तेवढी राहिली, पिवळी आणि चिकट.

अक्काचा आवाज बरेच दिवस बसलेला होता. भाऊ पाण्याचा तांब्या घेऊन समोर गेले, तेव्हा ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "रत्या, पहिले सिमेंट लाव. मंग तुना घरनं पानी पिसू."

दुसऱ्याच दिवशी गवंडी आला. जाळी लागली, प्लास्टर झालं, आतून कडी बसली. अंधारात मला कधी नव्हे ती शांत झोप लागली. तेव्हापासून अक्का दर अखजीला येते, पिशवी उंबऱ्यात ठेवते आणि माझ्या भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करते. पोकळ वाजलं नाही की मगच पाण्याला हात लावते.

पण मागे वायरमनने नवी वायर ओढताना ताटाएवढं प्लास्टर फोडलं. मी पुन्हा उघडा पडलो. भाऊंनी त्यावर कॅलेंडर टांगलं आणि काम झालं असं ते समजले.

म्हणून मित्रांनो, एखाद्या भिंतीत माझा पांढरा तुकडा दिसला, तर कापडाने, कागदाने लपवू नका. मोठ्यांना सांगा, आधी सिमेंट लावा. मला बघू नका, झाका.

अखजी जवळ आलीय. अक्काने ते कॅलेंडर उचलावं, एवढीच वाट मी बघतोय. आज सकाळी तिच्याआधी भाऊ आले होते. त्यांच्या हातात पेटलेली अगरबत्ती होती, आणि ते ती खोचायला जागा शोधत होते.