औषधाचं नाव

सत्यशीला पोत्यांच्या थप्पीला टेकून खाली बसली आणि तिला उठताच येईना. तोंडातून लाळ गळत होती. तिची धाकटी जाऊ दैवशाला मशीन सोडून धावली.

जालन्यातल्या त्या बियाणे कारखान्यात दोघी बियाण्याला कीडनाशक औषध लावायच्या. उघड्या हातांनी, तोंडाला नुसता पदर बांधून. मास्क मागितला की मॅनेजर वामनराव म्हणायचे, "तुम्ही कंपनीच्या कामगार नाही, स्वतंत्र ठेकेदार आहात. आपलं सामान आपण आणायचं." कामाला ठेवतानाच तशा सह्या घेतल्या होत्या.

दैवशालानं जावेला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

"औषध कोणतं होतं?" डॉक्टरांनी विचारलं. "नाव कळलं तर बरं होईल."

तिला लाल रंग आणि उग्र वास एवढंच ठाऊक. तिनं वामनरावांना फोन लावला.

"ठेकेदाराला काही झालं तर कंपनीचा काय संबंध?"

"संबंध न्हाई विचारून राह्यले साहेब, औषधाचं नाव विचारून राह्यले!"

फोन कट झाला. मग तिनं कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या अर्पिताला फोन केला. अर्पितानं लगेच नाव सांगितलं, डब्यावरच्या लेबलाचा फोटोही पाठवला.

"मॅडम, तुमची नोकरी जाईल."

"जाऊ दे. आधी त्यांना वाचवा."

इंजेक्शनं सुरू झाली. संध्याकाळी सत्यशीलानं डोळे उघडले आणि विचारलं, "घरी सैपाक कोण करून राह्यलं?" दैवशालाला हसू आलं, त्यातच रडूही फुटलं.

दवाखान्यानं कळवल्यावर सरकारी निरीक्षक कारखान्यात आले. वामनरावांनी त्यांच्यापुढे सह्यांचे कागद ठेवले. निरीक्षकांनी ते बाजूला सारले आणि दैवशालाला विचारलं, "कामाची वेळ कोण ठरवतं?"

"वामनराव साहेब."

"मशीन कुणाचं?"

"कंपनीचं."

"एखाद्या दिवशी आला नाहीत तर?"

"लई बोलतेत. मागं लग्नाला गेल्ते तर काढूनच टाकणार होते."

निरीक्षक वामनरावांकडे वळले. "सगळं तुम्हीच ठरवता, मग या ठेकेदार कशा? या तुमच्याच कामगार आहेत. त्यांच्या जिवाची जबाबदारीही तुमचीच."

मास्क, हातमोजे आणि धूळ ओढणारा पंखा येईपर्यंत तो विभाग बंद राहिला. बायकांची नावं कामगार म्हणून लागली. अर्पिताच्या नोकरीला कुणी हात लावला नाही.

सत्यशीला बरी होऊन परतली, तेव्हा तिला पोती शिवायचं काम मिळालं. उघड्या दारापाशी, मोकळ्या हवेत. पहिल्या दिवशी सुट्टी झाल्यावर दोघी जावा गप्पा मारत चालतच घरी निघाल्या. रिक्षा करायचं कुणाच्याच मनात आलं नाही.