सात शर्टांची काजं

"इथे नव्हतंच दार!" बाबांनी फोटोवर बोट असं दाबलं की टेबल हललं. "उजवीकडे होतं. घरासमोर उभं राहिलं की उजव्या हाताला."

इंजिनीअरबाईंनी फोटो हळूच त्यांच्या बोटाखालून सोडवून घेतला. जुनं घर पुन्हा होतं तसं उभं करायचं, तर ते होतं कसं हे कुणाला तरी ठाऊक हवं ना! म्हणून आज गल्लीतल्या लोकांनी आपापल्या कपाटांतले फोटो आणून याच घराच्या दिवाणखान्यात ओतले होते. कुणाची आत्या पायरीवर बसलेली, कुणाचा काका खांबाला टेकून ऐट करत असलेला. पण घराची दर्शनी भिंत पूर्ण दिसेल असा फोटो एकच निघाला आणि त्यात नोकरांचं छोटं दार डावीकडे होतं. ते दार कधीचं बुजवलेलं. बाकी घर दोन्ही अंगांनी हुबेहूब सारखं, वर गिलाव्याचे थरावर थर. ते उघडायला उद्या सकाळी गवंडी डावीकडची भिंत फोडणार होते.

"आजोबा, फोटो कशाला खोटं बोलेल हो?" बाई हसून म्हणाल्या.

"मग मी बोलतोय का?"

मागून कुणीतरी खुसखुसलं. बाबा तीस वर्षं या घराचे पहारेकरी होते. आता त्यांना शेजाऱ्याचं नावही आठवत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, चहा घ्या. गार होतोय," ती म्हणाली.

हे तिचं ठरलेलं वाक्य. वर्षभर झालं, बाबा भलतंसलतं बोलायला लागले की ती कप पुढे सरकवायची. आईचा विषय निघाला तर हमखास. ती चार वर्षांची असताना आई घर सोडून गेली आणि तिने पुन्हा ढुंकूनही पाहिलं नाही, हे अख्ख्या गल्लीने तिला ऐकवलं होतं. तेव्हा बाबा ना हो म्हणाले, ना नाही. आणि आता ऐंशी ओलांडल्यावर म्हणायला लागले, "ती आली होती गं. छोट्या दारात उभी होती, उजवीकडच्या." अशा बोलण्याचं काय मनावर घ्यायचं? चहा घ्या, बाबा.

बाबांनी कप धरला.

"डावीकडेच असेल मग," ते पुटपुटले. "माझंच चुकलं."

हे मात्र तिला सोसवेना. तावातावाने भांडणारे बाबा परवडले, हे असे नकोत. तिने फोटो पुढे ओढला, चष्मा चढवला. पण चाळीस वर्षं शिवणयंत्रावर काढलेल्या बाईची नजर दाराकडे कुठली जायला? ती आधी कपड्यांवरच गेली. पायऱ्यांवर सात पुरुष ओळीने उभे होते, कडक इस्त्रीचे शर्ट घालून.

"अगंबाई! सगळ्यांची काजं उजवीकडे?"

"म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"पुरुषांच्या शर्टाला काजं डावीकडे असतात, बटणं उजवीकडे. बायकांच्या कपड्यांना उलट. एखाद्या शिंप्याने घोळ घातला म्हणू, पण सातही जण बायकोचा ब्लाऊज घालून आले होते की काय? आणि खिसे बघा. एकूण एक उजव्या छातीवर!"

हशा पिकला. इंजिनीअरबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी फोटोवाल्याला बोलावलं, कारण हा फोटो त्यानेच जुन्या निगेटिव्हवरून मोठा करून दिला होता. त्याने तो डोळ्यांजवळ धरला, एकेक शर्ट न्याहाळला आणि सरळ कान पकडले.

"निगेटिव्ह उलटी लागली. माझ्याच हातून."

"आजोबा, दार उजवीकडेच," बाई म्हणाल्या आणि गवंड्यांना सांगायला लगबगीने बाहेर गेल्या. लोकांनी बाबांच्या पाठीवर थापा मारल्या. लेकीला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. कशी जिरवली सगळ्यांची!

मग तिने बाबांकडे पाहिलं. ते हसत नव्हते. दिवाणखान्याच्या दारातून उजवीकडच्या भिंतीचा कोपरा दिसत होता, त्यावर त्यांचे डोळे लागले होते. खुर्ची ओढून ती त्यांच्याजवळ बसली.

"बाबा, आई आली होती तेव्हा मी कुठे होते?"

"इथेच, माझ्या पहाऱ्याच्या खोलीत झोपली होतीस दुपारची. मी म्हटलं उठवतो. तर म्हणाली नको, ती उठली तर माझा पाय निघायचा नाही. दोरीवरच्या तुझ्या फ्रॉकचं बटण लोंबत होतं. माझ्याकडून सुई-दोरा मागून घेतला, दारात उभ्या उभ्या तेवढं लावलं आणि गेली." ते थांबले. एकदम ओशाळून त्यांनी कपाकडे हात नेला. "चहा गार होतोय, नाही का?"

तिने कप उचलून टेबलाच्या पार टोकाला ठेवला.

"होऊ दे. पुन्हा सांगा, बाबा. पहिल्यापासून."