वेलीतला क्रूस

प्रार्थनासभेच्या तंबूत जागा नव्हती, म्हणून माणसं बाहेर कापसाच्या गाड्यांवर चढून बघत होती. ब्रदर हॅस्केलने अंगठ्याएवढी जाड रानवेल उचलली, डोळे मिटले आणि सुरीने खटकन तोडली.

“बघा लेकरांनो! आजाऱ्याच्या नावाने कापली आणि प्रभूने सही ठोकली!”

कापलेल्या टोकावर गडद क्रूस होता. ‘हालेलुया’चा एकच गजर झाला. ऑर्फा गुडघ्यांवर कोसळली. नाव तिच्या झेलाचं होतं. पोरगी हिवतापाने फणफणत होती.

“आणि डॉक्टरांनी दिलेलं हिवतापाचं कोयनेल?” तिने विचारलं.

“क्रूस मिळाल्यावर कडू गोळ्या? हाच तो अविश्वास, बहिणी!”

प्रार्थनेला न येणाऱ्या, पूल नावाच्या म्हाताऱ्यासाठी कापलेली वेल मघाशी कोरी निघाली होती. शिवाय वेली रानातून आणायचा तो ऑर्फाचा धाकटा भाऊ गार्लंड. मग शंका कसली? घरी येऊन तिने गोळ्या चुलीत टाकल्या.

आठवडाही उलटला नाही, तोच झेला बरळू लागली. शाळेच्या क्रेनबाई विचारपूस करायला आल्या आणि तशाच धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आल्या. कोयनेल पुन्हा सुरू झालं. ताप उतरल्यावर बाईंनी ऑर्फाला कुंपणाशी नेलं.

“ही लाल-पिवळ्या फुलांची वेल काप.”

ऑर्फाने कापली. क्रूस!

“प्रार्थना केलीस?”

“नाही.”

“वर काप. आता खाली. हिचं लाकूडच चार फाकांत वाढतं, मधल्या फटींत मऊ गर भरतो, तोच हा क्रूस. आता ते रानद्राक्ष काप. कोरं ना? ब्रदरला ज्याला पावायचं त्याच्यासाठी ही वेल, ज्याला बुडवायचं त्याच्यासाठी ती.”

ऑर्फा तडक गार्लंडकडे गेली.

“कुणासाठी कुठली वेल, हे तुला ठाऊक होतं?”

“ताई, ब्रदर सांगायचे तशी आणायचो. तुझ्यासाठी तर चांगलीच आणली गं.”

“मी गोळ्या जाळल्या तेव्हा तू दारात उभा होतास.”

गार्लंड जायला वळला, तशी तिने त्याची वाट अडवली.

“त्या भोंदूला मी कुठे ओळखत होते? तू होतास म्हणून विश्वास ठेवला.”

पुढच्या सभेत ती त्याच लाल-पिवळ्या फुलांच्या वेलींची मोळी घेऊनच तंबूत शिरली आणि सगळ्यांसमोर कापत सुटली. “सैतान शिरलाय बाईत!” ब्रदर ओरडला. पण लोकांनी आपापले चाकू काढले होते. प्रत्येकाच्या हातात क्रूस निघू लागला, तसा ब्रदर मागच्या कनातीतून पसार झाला.

ऑर्फा बाकावर चढली. “वेल कुणीही कापा, ती अशीच दिसते. ताप आला तर डॉक्टरांकडे जा, औषध सोडू नका. आणि चमत्कार सांगणारा सख्खा भाऊ असला, तरी आधी स्वतः कापून बघा!”