पूर्वेची खोली

सुनावणी दुसऱ्या दिवशी होती आणि रेवा फोटोंखाली ओळी लिहीत बसली होती. चेन्नईतल्या नुंगंबाक्कमच्या त्या ऑफिसात जुन्या इमारती कागदावर उतरवायचं काम चाले. इमारत मोजायची, नकाशे काढायचे, फोटो घ्यायचे आणि ती का टिकवावी हे सरकारी समितीला पटवायचं. या खेपेला होतं बंदराजवळचं एक जुनं वाचनालय. मालकांना ते पाडून तिथे गाड्यांचा तळ करायचा होता. रेवाचे साहेब विश्वेश मूळचे तंजावरकडचे मराठी. वाचनालयासाठी त्यांनी समितीचे उंबरठे झिजवले होते, आणि उद्या एकदाचा निकाल लागणार होता.

पूर्वेच्या खोलीचा फोटो आला आणि रेवाचा हात थांबला. तो बंद खिडकीच्या काचेला कॅमेरा टेकवून काढलेला होता. वर मद्रासी छत, म्हणजे सागवानी तुळयांवर तिरप्या विटा चुन्यात बसवलेल्या. पण तुळया खोलीच्या लांबीने धावत होत्या. रेवाच्या नकाशात त्या रुंदीने होत्या. आणि एक तुळई भिंतीत शिरत होती तिथे मातीची बारीक रेघ दिसत होती. वाळवीच ती.

ती खोली तिने मोजलीच नव्हती. मोजणी चालली होती तेव्हा खोलीला कुलूप होतं, आणि किल्ली ज्यांच्याकडे असे त्या अलमेलूअक्का लग्नासाठी कुंभकोणमला गेल्या होत्या. मग रेवाने पश्चिमेची खोली मोजली आणि संगणकावर तीच उलटवून पूर्वेला बसवली. ‘मिरर मार’ म्हणतात ऑफिसात, आणि मारतात सगळेच. तेही चालतं एक वेळ. फक्त न मोजलेली रेघ तुटक काढायची, असा या धंद्याचा दंडक आहे. तुटक रेघ म्हणजे इथे आमची टेप पोचलेली नाही. रेवाने रेघ अखंड काढली, का तर तुटक रेघांचा नकाशा अर्धवट दिसतो! दिसण्याची एवढी हौस बाईला. आणि त्याच नकाशाच्या भरवशावर इंजिनीअरने ‘इमारत मजबूत’ असं लिहून दिलं होतं.

ती रिक्षा करून थेट वाचनालयात गेली. अलमेलूअक्का निवृत्त शिक्षिका, बोलणं तंजावरकडच्या मराठीचं. संध्याकाळी कोळीवाड्यातल्या पोरांना त्या शिकवत, आणि तेही त्याच खोलीत. शाळा सुटायला अजून अवकाश होता.

“आलीस का गे? ये, ये,” अक्कांनी कुलूप काढलं. “ही सावी माझ्याच हातांत असते बघ, दुसऱ्या कोणाला देत नाही.”

रेवा शिडीवर चढली. तुळईच्या टोकाला तिने स्क्रूड्रायव्हर टोचला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. खाली सतरंज्या अंथरलेल्या होत्या.

“अक्का, आजपासून इथे पोरांना बसवू नका.”

“अय्यो, का गे? मजबूत म्हणून तुम्हीच लिहिलंत ना? तो कागद दाखवून मी पोरांच्या अम्माअप्पांना समजावलं, मग पोरं आली.”

“माझं चुकलं. मी ही खोली न मोजताच काढली. कुलूप होतं ना.”

अक्कांनी हातातल्या किल्लीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “फोन का नाही केलास? बसच्या कंडक्टरच्या हातीं सावी पाठवली असती की मी.”

फोन करायचं तिला सुचलंच नव्हतं, आणि तेच तिला जास्त लागलं. पोरं त्या संध्याकाळी अंगणात बसली.

विश्वेशनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा टेबलावर ठेवला. “एक खोली आहे रेवा. टेकू लावू, तुळया बदलू, सरि, ठीक आहे? पण उद्या नाही बोलायचं. उद्या बोललीस तर त्यांचा वकील पूर्ण बिल्डिंग खाऊन टाकेल.”

“सर, खोटा नकाशा समितीपुढे ठेवायचा?”

“मी आयुष्य घातलंय गं त्यात,” ते म्हणाले.

रेवाला रडू आलं. विश्वेश चूक बोलत नव्हते, हीच पंचाईत होती. गप्प बसलं तर इमारत वाचत होती. पण तो नकाशा सरकारी दप्तरात तिच्या सहीने कायमचा राहणार होता, आणि पुढे कुणीतरी त्याच अखंड रेघेवर विसंबून त्या छताखाली माणसं उभी करणार होता. एकदा अक्कांनी केलंच होतं तसं.

दुसऱ्या दिवशी ती समितीपुढे उभी राहिली आणि बोलली. मालकांच्या वकिलाने आवाजही चढवला नाही. “मॅडम, अर्धा नकाशा आरशातला असेल, तर उरलेल्या अर्ध्यावर आम्ही विश्वास का ठेवावा?” रेवाने पश्चिमेची मापं दाखवली, फोटो दाखवले, जीव तोडून सांगितलं. समितीने ठरवलं की इमारत धोकादायक आहे, ती पाडावी. पाडण्याआधी मात्र पूर्ण नोंद करावी. विश्वेश तिच्याशी न बोलता गाडीत बसले.

नोंद करायला रेवाच गेली. दुसरं कुणी तयार नव्हतं. पूर्वेच्या खोलीत टेपचं दुसरं टोक अलमेलूअक्कांनी धरलं. तुळई न तुळई मोजून झाली. राहिला एक कोपरा. तिथलं छत इतकं खचलं होतं की शिडी लावायची सोय नव्हती. रेवाने मांडीवरच्या कागदावर त्या कोपऱ्यात तुटक रेघ ओढली.

अक्का वाकून बघत होत्या. “हें काय गे, पेन्सिल उठत नाही का?”

“उठतेय अक्का. इथपर्यंत मी पोचले नाही, म्हणून तुटक. मग बघणाऱ्याला कळतं, की इथे जाऊन बघायला हवं.”

“आणि तेव्हां कळलं असतं तर?”

“तर कुणीतरी खोली उघडायला लावली असती. दोनचार तुळया बदलल्या असत्या.”

अक्कांनी टेपचं टोक सोडलं. टेप सरसरत रेवाच्या हातात आली.

“मग तेव्हांच काढायचीस ना गे ही रेघ,” अक्का म्हणाल्या आणि सतरंज्या गुंडाळायला वाकल्या.